दोन हजार मैल, बैलगाडीने

बैल घ्यावेत की खेचरं, यावर १८४० नंतरची वीसेक वर्षं मिझुरी नदीकाठच्या गावांत भरपूर वाद झडले. इंडिपेंडन्स, सेंट जोसेफ, कौन्सिल ब्लफ्स ही ती गावं. ओरेगॉनकडे किंवा कॅलिफोर्नियाकडे निघालेली कुटुंबं इथे येऊन थांबत, गाडी भरत आणि जनावरं विकत घेत. खेचर चालायला चपळ. पण महाग, शिवाय पळून जाणारं आणि चोरीला जाणारं. घोड्याचं नुसत्या गवतावर भागत नाही, त्याला दाणा लागतो. बैल सावकाश चालतो, पण मिळेल ते गवत खाऊन रवंथ करतो आणि सकाळी पुन्हा जुवाखाली उभा राहतो. रँडॉल्फ मार्सी या लष्करी कप्तानाने १८५९ साली प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने भाव दिले आहेत: सहा खेचरं ६०० डॉलर, आठ बैल २००. बहुतेकांनी बैलच घेतले.

माझी सगळी नोकरी यवतमाळकडच्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली. त्यामुळे मुलीकडे डेन्व्हरला गेलो आणि हा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा माझं लक्ष माणसांआधी गुरांकडे गेलं. तरुणपणी नागपूरच्या थिएटरांत पाहिलेल्या इंग्रजी सिनेमांनी डोक्यात नुसते घोडे भरले होते. गाड्यांचं गोल रिंगण करून आतून बंदुका चालवणारी माणसं आणि बाहेर फिरणारे घोडेस्वार, हे चित्र तर ठरलेलंच. रिंगण खरंच करत. पण ते मुख्यतः रात्री गुरं कोंडायला. गाड्या एकमेकींना साखळ्यांनी जोडल्या की झाला गोठा तयार. निर्जन माळावर बैल उधळले तर सकाळी गाडी ओढणार कोण, ही धास्ती बाणांच्या धास्तीपेक्षा रोजची होती.

१८४३ साली सुमारे हजार माणसांचा पहिला मोठा तांडा ओरेगॉनला निघाला. थोडं अंतर जातं न जातं तोच त्यात फूट पडली, आणि तीही गुरांवरूनच. ज्यांच्याकडे गाडीच्या बैलांपलीकडे फारसं काही नव्हतं ते म्हणाले, दुसऱ्यांच्या कळपांची राखण आम्ही रात्र-रात्र जागून का करायची? शेवटी तांड्याचे दोन भाग झाले. हलके लोक पुढे आणि गुरंवाले मागे. मागच्यांचा पुढारी जेसी अॅपलगेट. त्याने पुढे या गुरांच्या तांड्याच्या एका दिवसाचं वर्णन लिहिलं, पहाटेच्या पहाऱ्यापासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत.

गाडीही सिनेमात दिसते तेवढी मोठी नव्हती. शेतावरचीच साधी गाडी, पेटी सुमारे चार फूट रुंद आणि दहा फूट लांब, वर जवसाच्या तेलाचा हात दिलेलं कापड. मागे वंगणाची बादली टांगलेली. भार साधारण टनभर, त्याहून जास्त नको असा सगळ्यांचा सल्ला. आता हिशोब करून बघा. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज याच्या १८४५च्या पुस्तकात माणशी शिधा दिला आहे: पीठ २०० पौंड, खारवलेलं डुकराचं मांस १५० पौंड, साखर २०, कॉफी १०, मीठ १०. चार माणसांचा झाला दीड हजार पौंडांच्या वर, म्हणजे सातशे किलो. उरलेल्या जागेत नांगराचा फाळ, अंथरुणं, भांडी, हत्यारं. तरीही लोक आजीचं कपाट आणि लोखंडी चूल घेऊन निघत, आणि मग चढ लागला की रस्त्याकडेला टाकून देत. माणसं चालतच जात. गाडीला स्प्रिंग नव्हत्या. आत बसून हाडं खिळखिळी करून घेण्यापेक्षा पायी बरं. (हेच हेस्टिंग्ज महाशय पुढे एका आडवाटेचे प्रचारक झाले. १८४६ साली डॉनर मंडळी त्या वाटेने गेली, सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकली आणि ८७ पैकी जवळजवळ निम्मी मेली. शिध्याची यादी मात्र चांगली होती.)

त्यांचं जू आपल्यापेक्षा वेगळं. आपल्या बैलाला वशिंड असतं, जू त्याच्यापुढे टेकतं आणि ओढ तिथे येते. युरोपातून आलेल्या त्या बैलांना वशिंड नाही. म्हणून जड लाकडी जुवाला खालून हिकरीच्या लाकडाची वाकवलेली कमान अडकवत आणि बैलाची मान त्यात घालत. ओढ खांद्यावर. नाकात वेसण नाही, हातात कासरा नाही. हाकणारा डाव्या अंगाने पायी चालायचा आणि तोंडाने सांगायचा: ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. वेसणीशिवाय चार-सहा बैल नुसत्या शब्दावर वळवणं म्हणजे काय, हे ज्याने बैल हाकलेत त्यालाच कळेल. निघालेल्यांत दुकानदार होते, मास्तर होते, ज्यांनी आयुष्यात बैल जुंपला नव्हता. पहिल्या आठवड्यात किती गाड्या उलटल्या असतील!

खुरांचं दुखणं सगळ्यात वाईट. मऊ माळ संपून वायोमिंगचा खडकाळ मुलूख लागला की खुरं झिजून बैल लंगडायला लागत. घोडा तीन पायांवर उभा राहून नाल ठोकून घेतो, बैल तसा उभा राहत नाही. आपल्याकडे नालबंद त्याला दोर टाकून पाडतो, पाय बांधतो आणि खुराच्या दोन्ही नख्यांना वेगवेगळी नाल ठोकतो. त्यांनीही तेच केलं, फक्त कधी कधी चर खणून त्यात बैलाला पाठीवर उलथवायचे, चारी पाय वर. नाल नसली तर डांबर फासून कातड्याचा बूट शिवायचे. पुढे स्वीटवॉटर नदीच्या आसपास खारट, अल्कधर्मी पाण्याची डबकी लागत. तहानलेला बैल ते पाणी प्यायला की कोसळायचा. उपाय काय, तर घशात चरबीचा तुकडा कोंबायचा आणि व्हिनेगर पाजायचं. वाचून मला हसू आलं नाही. चुकून युरिया खाल्लेल्या जनावराला आम्हीही व्हिनेगरच पाजत आलो.

वेळापत्रक ठरवायचं गवताने. फार लवकर निघालं तर माळावर चारा उगवलेला नाही, बैल उपाशी मरणार. उशिरा निघालं तर पुढच्यांच्या गुरांनी चारा फस्त केलेला, आणि शेवटी डोंगरात बर्फ. म्हणून एप्रिलअखेर ते मे हीच निघायची वेळ, आणि चार जुलैच्या सुमाराला वायोमिंगमधल्या इंडिपेंडन्स रॉकला पोचलं म्हणजे गाडी वेळेवर. दिवसाला पंधराएक मैल, चार ते सहा महिने. सरपण नाही म्हणून बाया-पोरं रानगव्यांचं वाळलेलं शेण ओच्यात गोळा करीत आणि त्यावर भाकऱ्या भाजत. सुरुवातीला नाकं मुरडणाऱ्या बाया पंधरा दिवसांत उघड्या हातांनी ते चुलीत सारायला लागत.

मरण मात्र बहुतेकांना पाण्यातून आलं. १८४९, १८५० आणि १८५२ या सालांत प्लॅट नदीकाठच्या मुक्कामांवर कॉलरा पसरला. सकाळी धडधाकट माणूस रात्रीपर्यंत पुरलेला असे. जॉन अनरू या इतिहासकाराने या वाटेचा बारकाईने हिशोब मांडला. १८४० ते १८६० या वीस वर्षांत मूळ रहिवाशांच्या हातून मेलेले प्रवासी ३६२, आणि प्रवाशांच्या हातून मेलेले मूळ रहिवासी ४२६. रोगांनी गेलेले हजारोंनी. सिनेमावाल्यांनी कॉलऱ्यावर रिळं खर्च केली नाहीत, हे त्यांच्या धंद्याला धरूनच झालं.

१८५२ साली याच वाटेने एझ्रा मीकर नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा बायको आणि तान्ह्या मुलाला घेऊन गेला. पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या प्युअॅलप इथे त्याने हॉप्सची शेती केली, खूप पैसा कमावला आणि किडीने पीक बुडाल्यावर तो घालवलाही. वाट लोक विसरताहेत हे त्याच्या मनाने घेतलं. १९०६ साली, पंच्याहत्तराव्या वर्षी, त्याने जुन्या गाड्यांचे भाग जोडून गाडी बांधली, ट्विस्ट आणि डेव्ह हे बैल जुंपले आणि उलटा, पूर्वेकडे निघाला. वाटेत गावोगावी भाषणं करून खुणेचे दगड उभारायला लावले. ट्विस्ट नेब्रास्कात मेला. ओमाहाच्या गुरांच्या बाजारातून डँडी घेतला आणि जोडी पुन्हा चालू लागली. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर गुरं हाकायला बंदी होती, तिथेही म्हातारा हटला नाही, परवानगी काढून ब्रॉडवेवरून बैलगाडी नेली. १९०७ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी ही गाडी स्वतः पाहिली. डेव्ह आणि डँडी मेल्यावर त्यांच्यात पेंढा भरला; अजून ते टॅकोमाच्या संग्रहालयात जुवाखाली उभे आहेत.

मुलीने मला वायोमिंगमधल्या गर्न्झीला नेलं. तिथे नॉर्थ प्लॅट नदीने वाट अडवल्यामुळे गाड्यांना वालुकाश्माच्या एका टेकाडावरून जावं लागे. लोखंडी धावांनी तो खडक कापला गेला आहे. चाकोऱ्या काही ठिकाणी चार-पाच फूट खोल, आत उभं राहिलं तर कडा छातीला लागते. जावई फोटो काढत होता. मी आजूबाजूला गवत कुठे आहे ते बघत होतो, कारण सगळा प्रश्न तिथे येतो. १८५० या एका साली पन्नास हजारांच्या आसपास माणसं या खोऱ्यातून गेली. त्यांची गुरं मोजा. नदीकाठचं गवत तिथल्या मूळ रहिवाशांच्या, लकोटांच्या, घोड्यांचं आणि रानगव्यांचं होतं. त्यांचे हिवाळे त्यावर निघत. काही वर्षांत वाटेच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती ते नाहीसं झालं आणि गवे दूर गेले. १८५१ साली फोर्ट लॅरमीजवळ करार झाला, वाटेच्या मोबदल्यात दरसाल पन्नास हजार डॉलरचा माल पन्नास वर्षं द्यायचा. सिनेटने पन्नासाची मुदत छाटून टाकली.

ऑगस्ट १८५४मध्ये हाच वार्षिक माल यायची वाट बघत लकोटा मंडळी फोर्ट लॅरमीजवळ तळ देऊन बसली होती. पोटात भूक. मॉर्मन पंथाच्या एका प्रवाशाची लंगडी गाय भरकटत तळात शिरली आणि हाय फोरहेड नावाच्या पाहुण्याने ती मारली. गाईवाल्याने किल्ल्यावर तक्रार केली. मुखिया काँकरिंग बेअर स्वतः गेला आणि आपल्या कळपातलं जनावर भरपाई म्हणून देऊ केलं. करारानुसार असली भांडणं इंडियन एजंटने, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने, सोडवायची होती, आणि तो वाटेवरच होता. पण किल्ल्यावरचा लेफ्टनंट ग्रॅटन २९ शिपाई आणि दोन तोफा घेऊन हाय फोरहेडला धरायला गेला. दुभाषा दारू प्यायलेला. गोळी सुटली, काँकरिंग बेअर घायाळ होऊन पुढे मेला, आणि ग्रॅटनसकट सगळी तुकडी गारद झाली. पुढच्या वर्षी जनरल हार्नीने ब्लूवॉटर क्रीकवर सूड घेतला. ८६ लकोटा ठार, बायका-पोरं कैदेत.

नोकरीत मी मेलेल्या जनावरांचे पंचनामे केले आहेत, किमती लावल्या आहेत, आणि मालक नेहमी गाय दुभती होती असंच सांगतो. पाचशेहून जास्त मैल चालून आलेली, लंगडी, कळपातून मागे पडलेली गाय पुढचा डोंगर चढलीच नसती. तिच्या बदल्यात काहीही मिळत होतं तर मी मालकाला घे म्हणालो असतो आणि कागदावर सही करून उठलो असतो.