देवळालीचे शिक्षक आणि एक सतरा अंकी संख्या

मोठ्या संख्यांचे आकर्षण महाराष्ट्राला नवे नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतील सतरावे स्थान म्हणजे ‘मध्य’. त्या स्थानापर्यंत पोहोचणाऱ्या एका संख्येची आणि तिच्यात रमलेल्या एका शालेय शिक्षकाची ही हकीकत आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत शिक्षकाची नोकरी केली. पदव्युत्तर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. संख्यांचे वेड मात्र आयुष्यभर पुरले.

तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, डेम्लो नावाचे स्थानक होते. तेथे सुचलेल्या संख्याप्रकाराला कापरेकरांनी त्या स्थानकाचेच नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१; असे करीत नऊ एकांनी बनलेल्या संख्येचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. अंक नऊपर्यंत चढतात आणि त्याच पायऱ्यांनी उतरतात.

ही संयुक्त संख्या आतूनही तितकीच सुडौल आहे. १११११११११ चे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. म्हणून तिच्या वर्गात ३ हा अवयव चार वेळा, तर उरलेले दोन प्रत्येकी दोनदा येतात. त्यावरून तिचे एकूण विभाजक ४५ ठरतात. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा, स्वतःच्या अंकांच्या बेरजेने विभाज्य असलेल्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले होते.

परंतु दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रकान्यात बेरीज दहा होते, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडतो. नऊ वेळा दिसलेली गोष्ट दहाव्या वेळी दिसेलच असे नाही, हा धडा विद्यार्थ्याला हातच्याइतक्या साध्या गोष्टीतून मिळतो.

अवयव शोधण्याचे श्रम किती मोठे असतात, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यास येणारी २१ अंकी संख्या संयुक्त असल्याचे ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्येच दाखविले होते. तिचे अवयव मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. १९०३ मध्ये फ्रँक कोल यांनी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे अवयव मांडले. सभेत त्यांनी चकार शब्द न काढता फळ्यावर गुणाकार करून दाखविला, असे सांगतात. तो गुणाकार पडताळणे शाळकरी मुलालाही शक्य होते. ते दोन अवयव शोधणे मात्र कमालीचे कष्टाचे होते.

कापरेकरांच्या वाट्याला अशी दाद लवकर आली नाही. त्यांचे काम म्हणजे केवळ अंकांची करमणूक, असे मानणारे विद्वान येथे पुष्कळ होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर गेले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये ते निवर्तले. ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ त्यांचे नाव आजही वागवीत आहे.

दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या वहीतही ११ चा वर्ग असतोच. तेथे न थांबता १११ चा वर्ग करून पाहण्यास कागद, पेन्सिल आणि थोडी सवड पुरते. कापरेकरांपाशीही याहून फारसे अधिक काही नव्हते.