दंतलेपन, संमिश्र रेझिनाचे : मराठवाड्यातील

दाताच्या दर्शनी पृष्ठभागावर दाताच्याच रंगाचे संमिश्र रेझिन पातळ थरांत चढवून ते निळ्या प्रकाशाने घट्ट करणे, या उपचारास दंतलेपन म्हणतात. दाताचा तुटलेला कोपरा भरून काढणे, दोन दातांमधील फट बुजविणे व डाग झाकणे हे त्याचे प्रमुख उपयोग होत. मराठवाड्यातील लातूर व नांदेड हे जिल्हे एकमेकांस लागून असले, तरी तेथे या उपचाराची गरज एकाच कारणाने उद्‌भवत नाही. या फरकाचे मूळ भूस्तरात आहे.

लातूर जिल्हा जवळजवळ संपूर्णपणे दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टावर वसला आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात मात्र देगलूर, बिलोली, किनवट या बाजूंस बेसाल्टाचे आवरण संपून त्याखालील प्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म उघडे पडले आहेत. अशा खडकांतील फ्ल्युओराइट, ॲपेटाइट, कृष्णाभ्रक इ. खनिजांतून फ्ल्युओराइड भूजलात उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिग्रॅ. पर्यंत असावे; दुसरा उद्‌भव नसल्यास १.५ मिग्रॅ. पर्यंत चालते. मूल सुमारे आठ वर्षांचे होईपर्यंत त्याच्या कायम दातांचे दंतवल्क (दाताचे कठीण बाह्य आवरण) घडत असते. या काळात पोटात जाणारे फ्ल्युओराइड प्रमाणाबाहेर असल्यास दंतवल्क सच्छिद्र राहते. दातांवर प्रथम खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात व पुढे ते तपकिरी होतात. लातूरकडे दंतलेपन मुख्यतः तुटलेल्या, किडलेल्या वा विरळ दातांसाठी केले जाते, तर नांदेडच्या पूर्व भागात या डागांची भर पडते.

डागांचे हे कारण कळण्यास बराच काळ लागला. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे फ्रेडरिक मॅके यांनी १९०१ पासून अशा दातांकडे लक्ष वेधले. पाण्यातील फ्ल्युओराइडाशी त्यांचा संबंध १९३१ मध्ये सिद्ध झाला. भारतात तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून १९३७ मध्ये हाडांच्या फ्ल्युओराइड-विकाराची नोंद झाली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पूर्वी महाराष्ट्रात स्त्रिया हिरडा, हिराकस इत्यादींच्या दातवणाने दात काळे करीत व ते शोभेचे मानले जाई. अशा दातांवरचा डाग कोणाच्या नजरेस येणार? ही रीत मागे पडल्यावर डाग उघडे पडले आणि विवाह जुळविताना, विशेषतः मुलींच्या बाबतीत, ते अडचणीचे ठरू लागले.

१९७२-७३ च्या दुष्काळात उथळ विहिरी आटल्या आणि त्यानंतर कठीण खडकात कूपनलिका खोदण्यास मोठा वेग आला. त्यांवर बसविण्याजोगा टिकाऊ पोलादी हातपंप याच मराठवाड्यात, जालना येथे, १९६० नंतरच्या दशकात तयार झाला होता. या पाण्यामुळे पटकी व नारू यांसारख्या रोगांपासून संरक्षण मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु फ्ल्युओराइडाला रंग, वास वा चव नसल्याने खोलवरचे पाणी तपासून घेण्याची आवश्यकता गावकऱ्यांना जाणवली नाही. काही वर्षांनी मुलांना कायमचे दात आले, तेव्हा ती दिसू लागली.

दंतलेपनाचा पाया मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये घातला. दंतवल्कावर ८५ टक्के फॉस्फोरिक अम्ल अर्धा मिनिट लावल्यास त्यात सूक्ष्म खाचा पडतात व ॲक्रिलिक तेथे घट्ट धरते, असे त्यांनी दाखविले. १९६२ च्या सुमारास रॅफेल बोवेन यांनी नवे रेझिन तयार केले. त्यात सिलिकेची पूड मिसळल्याने ते झिजेला तोंड देऊ लागले. आरंभी दोन घटक कालवून ते घट्ट करीत. पुढे जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) व नंतर दृश्य प्रकाश वापरात आल्याने दंतवैद्याला आकार देण्यास पुरेसा अवधी मिळू लागला. मराठवाड्यात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९८२ मध्ये शासकीय दंत महाविद्यालय निघाले. पुढे लातूर व नांदेड येथेही दंत महाविद्यालये झाली आणि हा उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध झाला.

या उपचाराची एक मर्यादा नांदेडच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फ्ल्युओराइडाने बाधित दंतवल्काचा सर्वांत बाहेरचा थर अम्लास दाद देत नाही आणि त्याखालचा भाग सच्छिद्र असतो. त्यामुळे जेथे डाग दाट, तेथेच लेप कच्चा धरतो. अम्ल अधिक वेळ ठेवून किंवा वरचा थर किंचित घासून ही उणीव काही अंशी भरून काढतात. डाग उथळ असल्यास सौम्य अम्ल व घासणारी पूड यांनी ते काढता येतात. लेपाची गरजही उरत नाही. चहा, तंबाखू व मिश्री यांनी लेपही डागाळतो. तो अधूनमधून दुरुस्त करावा लागतो व काही वर्षांनी बदलावा लागतो. हा पुन्हापुन्हा येणारा खर्च खेड्यातील कुटुंबास परवडणारा नसतो.

पाणी बदलल्याने आधी घडलेल्या दातांवरील डाग जात नाहीत, मात्र त्यानंतर जन्मणाऱ्या मुलांचे दात निर्दोष राहतात. तुरटी व चुना वापरून फ्ल्युओराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धती’ नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० नंतरच्या दशकात विकसित केली. केंद्र शासनाचा फ्ल्युओरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. नलगोंडा पद्धतीत तुरटीची मात्रा पाणी पाहून ठरवावी लागते व साचलेला गाळ नियमित काढावा लागतो. लहान गावात हे काम सांभाळणारा माणूस कायम मिळणे कठीण असल्याने नदी वा जलाशयाचे पाणी नळाने आणणे अधिक भरवशाचे ठरते.