पाचवे चाक आणि ओझ्याचा हिशेब

लष्करी गाडीच्या पुढच्या अंगावर पिवळ्या गोलात काळा आकडा असतो. पुलाच्या पाटीवरही असाच आकडा असतो. दोन्ही जुळवून बघायचे, आणि गाडीचा आकडा मोठा निघाला तर अलीकडेच थांबायचे. एमटीमध्ये नवा आलेला ड्रायव्हर पहिल्या काही दिवसांतच हे शिकतो. बाहेरच्या जगात मात्र प्रश्न एकच विचारला जातो: ही गाडी किती टन ओढते? हा प्रश्न अर्धाच आहे. ओढणे वेगळे आणि पेलणे वेगळे. उतारावर थांबवणे हे तिसरेच काम आहे. ही तिन्ही जुळवण्याचा खटाटोप आपल्या देशात मोटार येण्याच्या बऱ्याच आधीपासून चालू आहे.

सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यासाठी इंग्रजांचा जड तोफखाना फिरोजपूरहून आला. तोफांना हत्ती जुंपले होते आणि दारूगोळा बैलगाड्यांत होता. पुढे वायव्य सरहद्दीवर ४० पौंडी तोफ ओढायलाही हत्तीच असत, एकामागे एक असे दोन. ताकदीला तोड नव्हती. पण गोळे पडू लागले की हत्ती बिथरत, म्हणून माऱ्याच्या टप्प्यात आल्यावर हत्ती सोडून बैल जुंपावे लागत. म्हणजे नुसती ताकद बघून भागत नाही. ओढणारा कुठल्या परिस्थितीत ओढणार आहे, तेही बघावे लागते.

डोंगरात तर ओढण्याचा प्रश्नच संपतो, कारण चाक चालेल अशी वाटच नसते. तिथे सगळा भार पाठीवर. खेचर किती पेलते हे ठरलेले, ते वाढवता येत नाही. म्हणून १८७९ च्या सुमारास आलेल्या अडीच इंची पहाडी तोफेची नळीच दोन तुकड्यांत बनवली. प्रत्येक तुकडा साधारण ९० किलोचा, जागेवर पोचल्यावर आट्यांनी जोडायचा. तोफेच्या मापाचे खेचर मिळणार नव्हते, तेव्हा खेचराच्या मापाची तोफ केली.

मोटारयुगात ओढणे आणि पेलणे एकत्र आले ते ‘पाचव्या चाका’मुळे. हे नाव घोडागाडीच्या काळातले. चार चाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे, चपटे चक्र बसवत. रस्त्याला न लागणारे ते पाचवे चाक. १९१४ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराकडे एक लाकूडव्यापारी आला. त्याला आपली होडी फोर्ड मोटारीमागून न्यायची होती. फ्रुहॉफने केलेल्या गाड्याला पुढची चाके नव्हती, त्याचे पुढचे टोक मोटारीवरच टेकत असे. आज महामार्गावर दिसणारा ट्रेला याच वंशातला. त्याच्या पुढच्या इंजिनगाडीला आपले ड्रायव्हर अजून ‘घोडा’ म्हणतात.

याचा फायदा दुसऱ्या महायुद्धात नीट दिसतो. ब्रिटिशांनी रणगाडे वाहायला घेतलेली डायमंड टी ही गाडी ट्रेलरला दांड्याने ओढायची. ट्रेलरचे वजन तिच्यावर येत नसल्यामुळे मागची चाके जमीन धरेनात, म्हणून तिच्या पाठीवर मुद्दाम जड वजनाची पेटी ठेवावी लागे. नंतरच्या अमेरिकन एम-२६ ला पाचवे चाक होते. रणगाड्याचा भारच चाकांना दाबून धरत असे. बदल्यात तो भार मागच्या ॲक्सलला पेलावा लागे.

पेलण्याची बाजू आपल्या सैन्याने १९४८ मध्ये झोजीलाला सांभाळली. १ नोव्हेंबरला ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरच्या त्या खिंडीत शिरले आणि शत्रूची फळी कोसळली. हा सुमारे १५ टनांचा रणगाडा. वाटेतले पूल एवढ्या वजनासाठी बांधलेले नव्हते. रणगाड्यांचे टरेट काढून नेले. त्यामुळे वजन घटले आणि बघणाऱ्याला हे रणगाडे आहेत हेही कळेना. पुढे मद्रास सॅपर्सनी खेचरवाट रुंद करून दिली. रणगाड्याच्या इंजिनात जोर होताच. अडचण होती ती पूल आणि वाट यांची.

हाच हिशेब आज अमेरिकेत पिकअपमागे फिरते घर लावणाऱ्याला करावा लागतो. जाहिरातीत लिहिलेले असते: ७,००० किलो ओढते. समजा घर ६,५०० किलोचे आहे. वाटते, जमले. पण अशा पाचव्या चाकाच्या ट्रेलरचे साधारण १५ ते २५ टक्के वजन किंगपिनमधून पिकअपवर येते. २० टक्के धरले तरी १,३०० किलो. जोडणीचे लोखंड ८०, चार माणसे २८० आणि सामान १०० मिळवले की झाले १,७६०. गाडीची पेलण्याची मर्यादा १,४०० किलो असेल, तर ओढण्याची मर्यादा शिल्लक असतानाच ३६० किलो जास्त झाले. हा जादा भार मागच्या टायरांवर, पाट्यांवर आणि ॲक्सलवर बसतो. चढावर इंजिन कुरकुर करून निदान सांगते तरी. टायर फुटेपर्यंत काही सांगत नाही.

उताराचे गणित आणखी कडक. ओझे वाढले की ब्रेकला जिरवायची उष्णता त्याच प्रमाणात वाढते. तापलेले ब्रेक लागेनासे होतात, आणि मागचा ट्रेलर घोड्याला ढकलू लागतो. म्हणून जुने उस्ताद सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

आपले कितीतरी जवान पेन्शनीवर आल्यावर ट्रेल्यावर बसतात. काही जण कर्ज काढून स्वतःची गाडी घेतात. मालक म्हणतो, ‘फौजी, दोन टन वाढवले तर काय बिघडते? गाडी ओढते की!’ त्या वेळी गाडी वजनकाट्यावर घ्या. आधी सगळी तोला, मग नुसता मागचा ॲक्सल काट्यावर ठेवून तोला. पावतीवरचा दुसरा आकडा मालकाला दाखवा आणि माल उतरवल्याशिवाय घाटाकडे निघू नका.