ट्रॅव्हल ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक का लागत नाहीत?

अमेरिकेत गाडीमागे जोडून नेतात त्या फिरत्या घराला, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरला, स्वतःचे ब्रेक असतात. चालकाने पेडल दाबलं की गाडीतला कंट्रोलर ट्रेलरच्या चाकांकडे वीज सोडतो. तिथलं विद्युतचुंबक फिरत्या ड्रमला चिकटतं, त्याने एक दांडा ओढला जातो आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. वीज पोहोचली नाही, तर उतारावर दोन-तीन टनांचं घर मागून गाडीला ढकलू लागतं!

ब्रेक कमी लागले की अनेक जण थेट ड्रम उघडतात. आधी वायरिंग पाहा, त्यातही अर्थिंग. 10 किंवा 12 इंची ब्रेकचं एक चुंबक साधारण 3 ते 4 अँपिअर करंट घेतं. चार चाकांना मिळून 12 पेक्षा बराच कमी दिसला, तर गंजलेला जोड शोधा. करंट ठीक असेल, तर शूवर ग्रीस आलंय का बघा. बेअरिंगमध्ये ग्रीस जास्त भरलं की सील फुटून असं होतं. असे शू पुसून भागत नाही, बदलावेच लागतात.

हाताने जुळवायच्या ब्रेकसाठी डेक्स्टर कंपनी पहिल्या 200 मैलांनंतर आणि पुढे दर 3,000 मैलांनी अ‍ॅडजस्टमेंट सांगते.

ट्रेलर सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विचही तपासा. गाडीचा प्लग काढून पिन ओढा, चाकं अडायला हवीत. पिन लगेच परत बसवा, नाहीतर बॅटरी उतरेल.