वैध गर्भपात आणि खर्चाचा प्रश्न : नांदेड व लातूर

महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. त्यावर आधारलेला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. गर्भपात कोणी व कोठे करावा हे त्याने ठरविले. खर्च कोणी सोसावा हे मात्र ठरविले नाही.

१९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील गर्भस्रावानंतरची सहा आठवड्यांची सवेतन रजा १९९५ च्या दुरुस्तीने वैद्यकीय गर्भपातासही लागू झाली. परंतु ती कारखाने व आस्थापनांतील स्त्रियांपुरती होती. नांदेड-लातूरकडील शेतमजूर स्त्री तीबाहेरच राहिली. खाजगी विम्याच्या २०१९ मधील प्रमाणित अपवादांत प्रसूतीबरोबर वैध गर्भपाताचा खर्चही वगळण्यात आला.

राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत नांदेड होता; लातूरला ती २०१३ मध्ये पोहोचली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. फसविलेल्या विधवांसाठी १८६३ मध्ये पुण्यात प्रसूतिगृह उघडणाऱ्या फुल्यांच्या नावाला साजेसा विस्तार म्हणजे वैध गर्भपाताचा खर्च, प्रवासभाडे व बुडालेली मजुरी यांचा सार्वजनिक विम्यात स्पष्ट समावेश होय. त्याविना कायद्याने दिलेला अधिकार ऐपतीवर अवलंबून राहतो.