व्यवस्थापक काढण्याचा हक्क

देखभालीची कंपनी नीट काम करत नसेल तर कमिटीने ती काढून दुसरी नेमावी, एवढा साधा हा व्यवहार. पण फ्लोरिडातल्या कॉन्डोमिनियमचे, म्हणजे मालकी फ्लॅटच्या इमारतींचे, जुने निकाल आणि कायद्यांचे पाठ कालक्रमाने लावले, की नवी कंपनी कोणती हा प्रश्न बराच नंतरचा दिसतो. त्याआधी वीसेक वर्षं भांडण चाललं ते जुनी काढता येते का, यावर.

फ्लोरिडाने कॉन्डोमिनियमचा कायदा १९६३ मध्ये केला. त्यानंतरच्या खटल्यांतून जी पद्धत दिसते ती अशी. फ्लॅट विकायला काढण्याआधीच बिल्डर फ्लॅटधारकांची संस्था नोंदवून ठेवी. संचालक अर्थात त्याचीच माणसं. ही संस्था व्यवस्थापनाचा दीर्घ मुदतीचा करार करी, तोही बिल्डरच्याच दुसऱ्या कंपनीशी. पोहण्याचा तलाव आणि क्लबहाउसची जागा बिल्डर स्वतःकडे ठेवी आणि संस्थेला ९९ वर्षांच्या पट्ट्याने देई. देणारा तोच, घेणाराही तोच. फ्लॅट घेणारा येईपर्यंत कागद तयार असत. (इथे एक सावधगिरी हवी. निकालपत्रं भांडणाऱ्यांचीच उरतात. ज्या इमारतींत सगळं सुरळीत होतं त्यांनी न्यायालयात काहीच मागे ठेवलेलं नाही.)

फाउंटनव्ह्यू नावाच्या कॉन्डोमिनियमच्या फ्लॅटधारकांनी या दुहेरी भूमिकेलाच हात घातला. १९६७ मध्ये ते अपिलात हरले. न्यायालयाचा तर्क असा, की करार झाले तेव्हा संस्थेत बिल्डरच्या गटाशिवाय कोणी नव्हतंच, मग फसवलं कोणाला? तर्क म्हणून तो बिनचूक आहे, आणि म्हणूनच वाचताना चीड येते. पुढच्याच वर्षी प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही निकालात निघालं.

मधल्या काळात ७५ टक्के फ्लॅटधारकांनी ठरवलं तर देखभालीचा करार रद्द करता येईल, अशी तरतूद कायद्यात आली. पॉइंट ईस्ट या दुसऱ्या कॉन्डोमिनियमच्या रहिवाशांनी ती वापरायला काढली. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तुमचा करार या तरतुदीच्या आधीचा आहे, त्याला ती लागू नाही. ज्यांच्या तक्रारींमुळे कायदा बदलला असणार, त्यांनाच तो उपयोगी पडेना. अखेर १९७७ च्या अव्हिला साउथ प्रकरणात त्याच न्यायालयाने फाउंटनव्ह्यूची भूमिका सोडली. संचालकाच्या खुर्चीत बसलेल्या बिल्डरवर विश्वस्ताची जबाबदारी येते आणि ती मोडली तर संस्था दाद मागू शकते, हे मान्य झालं.

वॉशिंग्टनपर्यंत हे प्रकरण पोहोचल्याचा पुरावा एका तारखेत सापडतो. ८ ऑक्टोबर १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या गृहनिर्माण कायद्यात कॉन्डोमिनियममधल्या गैरप्रकारांवर एक स्वतंत्र भाग आहे. जाचक पट्ट्यांविरुद्ध न्यायालयात जाण्याची मुभा त्यात आहे, पण ४ जून १९७५ पूर्वीच्या पट्ट्यांपुरती. हीच तारीख का? पट्ट्यातलं भाडं आपोआप वाढवणाऱ्या कलमांना फ्लोरिडाने मनाई केली ती त्या दिवसापासून, आणि ती मनाई पूर्वलक्षी नाही असं तिथल्या न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवलं होतं. राज्याचा कायदा जिथे पोहोचत नव्हता, नेमकं तिथे केंद्राने बोट ठेवलं. मसुदा फ्लोरिडाकडे बघून लिहिला गेला, हे माझं अनुमान या जुळणीवर उभं आहे.

व्यवस्थापनाच्या करारांना मात्र त्याच कायद्याने हात आखडता घेतला. भाड्याच्या इमारतीचं रूपांतर करून विकलेले फ्लॅट असतील, करार बिल्डरच्या ताब्याच्या काळातला आणि तीन वर्षांहून जास्त मुदतीचा असेल, तरच दोनतृतीयांश मतांनी तो मोडता येतो. तेही दोन वर्षांच्या खिडकीत, आणि नोटिशीनंतर ९० दिवसांनी. नव्याने बांधलेल्या इमारतीला याचा उपयोग शून्य. तिथे फ्लोरिडाचा स्वतःचा ७५ टक्क्यांचा नियमच चालतो.

फ्लोरिडाच्या आजच्या कायद्यात, ताबा सोडताना बिल्डरने संस्थेला काय काय द्यायचं याची लांबलचक यादी आहे. इतिवृत्तं, हिशेबाची पुस्तकं, संस्थेचा पैसा, नकाशे, विम्याच्या पॉलिसी, ठेकेदारांची नावं, नोकरांचे आणि सेवांचे करार. संस्थेचा पैसा संस्थेला द्यावा, हे कायद्याला लिहावं लागतं तेव्हा तो कुठेतरी दिला गेला नसणार. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राचा मालकी फ्लॅटचा कायदाही १९६३ चाच. सोसायटी झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन-इमारतीचं हस्तांतरण करून द्यावं असा नियम असूनही मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरशिवाय हस्तांतरण करून घेण्याची, सोय २००८ मध्ये करावी लागली. राज्याच्या १९७० च्या अपार्टमेंट कायद्यात व्यवस्थापक वा मॅनेजिंग एजंट नेमता येईल की नाही, आणि कोणते अधिकार त्याच्याकडे सोपवायचे, हे उपविधीत लिहायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात आपला मराठी माणूस सोसायटीच्या वाटेने गेला आणि मॅनेजरचं काम सेक्रेटरीच्या गळ्यात पडलं.

पुन्हा फ्लोरिडा. काढण्याचा हक्क मिळाला, आता निवड. वार्षिक अंदाजपत्रकाच्या पाच टक्क्यांहून मोठ्या कंत्राटासाठी संस्थेने स्पर्धात्मक निविदा घ्याव्यात असा तिथे नियम आहे. सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारलीच पाहिजे असं नाही. पण वकील, हिशेबनीस, वास्तुविशारद यांच्या रांगेत संस्थेच्या व्यवस्थापकालाही या अटीतून सूट आहे. छप्पर बदलायचं तर निविदा, छप्परवाल्यावर देखरेख करणारा नेमायचा तर कमिटीची मर्जी. ही सूट मला तरी पटत नाही. बहुतेक कमिट्या दोन-तीन कंपन्यांकडून भाव मागवत असतीलही. मात्र सभांची इतिवृत्तं कायम जपायची आणि आलेल्या निविदा एक वर्ष ठेवल्या तरी पुरे, असं तिथला कायदा म्हणतो. त्यामुळे पुढे कोणी हे दप्तर उघडलं तर कोणती कंपनी आली ते ठरावात मिळेल. कोणती नाकारली आणि तिने किती मागितले होते, ते कागद तोवर रद्दीत गेलेले असतील.