मांजराला शुगर आणि त्यातच स्टेरॉइड सुरू: इन्सुलिनचा डोस कसा बदलतात?

मांजरालाही शुगर होते, हे ऐकून आजही अनेकजण हसतात. पण तुमचं मांजर सारखं पाणी पीत असेल, सारखं लघवी करत असेल आणि भरपूर खाऊनही वाळत चाललं असेल, तर आधी रक्तातली साखर तपासून घ्या. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप 2 सारखा असतो. वय आणि वजन वाढलेल्या, नसबंदी झालेल्या बोक्यांमध्ये तो जास्त दिसतो. उपचार म्हणजे सहसा दर 12 तासांनी इन्सुलिन.

खरा गुंता होतो तो त्याच मांजराला दमा, आतड्यांची जुनी सूज किंवा हिरड्यांचा आजार असला की. कारण या आजारांवर प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड द्यावं लागतं.

स्टेरॉइडने साखर का वाढते?

स्टेरॉइडमुळे यकृत जास्त साखर तयार करून रक्तात सोडतं आणि स्नायू ती पूर्वीसारखी उचलत नाहीत. म्हणजे कालपर्यंत पुरणारं इन्सुलिन आज अपुरं पडतं. काही मांजरांना तर आधी मधुमेह नसतोच, तो स्टेरॉइडमुळेच सुरू होतो.

त्यामुळे स्टेरॉइड सुरू झाल्यावर डॉक्टर इन्सुलिन वाढवतात. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. धोका पुढे आहे. समजा, 1 युनिट घेणाऱ्या मांजराचा डोस हळूहळू 2 युनिट झाला. महिनाभराने खोकला थांबला, म्हणून स्टेरॉइड एक दिवसाआड केलं. इन्सुलिन मात्र 2 युनिटच राहिलं. आता साखर धाडकन खाली येऊ शकते. मांजर झोकांड्या खातं, थरथरतं, झटके येतात, आणि उशीर झाला तर जीवही जातो. साखर जास्त राहण्याचं नुकसान दिवसांत होतं, कमी होण्याचं काही तासांत. म्हणून स्टेरॉइडची गोळी वाढो वा कमी होवो, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, 'इन्सुलिनचं काय?'

घाबरून स्टेरॉइड एकदम बंद करणंही चुकीचं. बरेच दिवस गोळ्या घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, त्यामुळे ते टप्प्याटप्प्यानेच कमी करतात.

डोस ठरतो कसा?

एका रीडिंगवर नाही. दवाखान्यात भेदरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणानेही खूप वर जाते. म्हणून घरीच कानाच्या कडेला टोचून, इन्सुलिन दिल्यापासून दर दोन तासांनी, 12 तास साखर मोजतात. डॉक्टर बघतात ते मुख्यतः सर्वांत खालचा आकडा. तो 80 च्या खाली गेला तर डोस सहसा कमी होतो. वाढवायचा असेल तर बहुधा अर्ध्या युनिटने, आणि पुढचा बदल साधारण आठवड्याने. माणसाचं ग्लुकोमीटर मांजराची साखर बऱ्याचदा खरीपेक्षा कमी दाखवतं, तेव्हा कोणतं मशीन वापरताय तेही डॉक्टरांना सांगा.

अहिल्यानगरमध्ये (म्हणजे आपल्या नगरमध्ये) पशुवैद्यकाचा बहुतेक दिवस गाई, म्हशी आणि शेळ्यांमध्ये जातो. जामखेड-शेवगावकडून दर आठवड्याला पुण्याला मांजर नेणं कोणालाच परवडत नाही. अशा वेळी एक वही कामाला येते: वेळ, साखर, इन्सुलिन, स्टेरॉइड, किती खाल्लं. तिचा फोटो पाठवला की डॉक्टरांना फोनवरही बरंच कळतं.

सिरिंज बघून घ्या

मेडिकलमध्ये दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात: लाल टोपणाची 40 ची आणि केशरी टोपणाची 100 ची. मांजरांना बऱ्याचदा दिलं जाणारं ग्लार्जिन साधारणपणे 100 चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये '1' पर्यंत भरलं, तर अंगात अडीच युनिट जातं. चार किलोच्या जिवाला हा फरक फार मोठा आहे. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. अर्धं युनिट मोजता येत नाही म्हणून ग्लार्जिनमध्ये पाणी घालू नका.

बाटली फ्रिजच्या खणात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लाइटही जाते. तेव्हा बाटली पिशवीत बांधून ओल्या मातीच्या भांड्यात ठेवणं हा तात्पुरता उपाय आहे.

मांजर जेवलं नाही तर नेहमीचा डोस देऊ नका, आधी फोन करा. झोकांड्या दिसल्या तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. उलट्या, मलूलपणा आणि खाणं बंद, हे एकत्र दिसलं तरी थांबू नका. दूध-पोळी बंद करून मांसाहारी खाणं सुरू करणं चांगलं, पण त्यानेही इन्सुलिनची गरज घटते, त्यामुळे तेही सांगूनच करा.

दम्यासाठी गोळीऐवजी मास्क लावून फवाऱ्याचं औषध देता येतं, त्याचा साखरेवर परिणाम बराच कमी होतो. आणि स्टेरॉइड सुटल्यावर काही मांजरांचं इन्सुलिनही सुटतं. अशा मांजराच्या कागदावर 'मधुमेह झाला होता' असं ठळक लिहून घ्या, कारण पुढे कधी खाजेसाठी दिलेलं दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइडचं एक इंजेक्शनही साखर पुन्हा वर नेऊ शकतं, आणि टोचलेलं औषध परत काढता येत नाही, त्याचा असर काही आठवडे राहतो.